मोहाखालची काडी

९ मार्च
वही उघडून महिना झाला. रोज म्हणतो उद्या. सिरोंच्याचं लिहायचं होतं, नदीकाठी आठ दिवस कसा राह्यलो, कोणाकडं... जाऊ दे. दादा मिरची तोडायला तेलंगणात गेला म्हणून घरी परत आलो. घरात माय, वयनी अन् तिची आठ महिन्यांची चिमी. माय म्हणे, "तू आहेस तं बरं." वयनीनं लगेच तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग दाखवला: हलवा.

१२ मार्च
वयनीचं तेच. स्वयंपाकघराच्या कुडाच्या भिंतीला लागून तणसाचा ढीग आहे, तो हलवा. "भाऊजी, चार दिवसांपासून सांगून राह्यली. उनाळा आहे, एक ठिणगी पुरते." उद्या नक्की. आज सायकलची चेन.

१५ मार्च
पयले हे लिहितो: सगळे ठीक आहेत. चिमी ठीक आहे.
सकाळी माय म्हणाली, फुलं पडायला लागली, खराटा घे अन् बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली झाडून काढ. एवढा पाला कोण झाडणार? काडी लावली. सगळेच लावतात, जमीन काळी झाली की फुलं चटकन दिसतात. विझेपर्यंत थांबायचं असतं, तेवढंच. पण फाट्यावर बांबूचा ट्रक फसला असं कळलं. पंधरा मिनिटं म्हणून गेलो. ट्रक काही निघेना. मागं वळून पाहतो तर धूर आमच्या घरावर.
पळालो. बांध जळाला होता, कुंपण पेटलं होतं. वयनी एका कडेवर चिमी, दुसऱ्या हातात हिरवी फांदी, आग झोडपत होती. फांदी मी घेतली. आग कुंपण खाऊन आत आली अन् थांबली. पुढं जळायला काही नव्हतंच. तणस नव्हतं! सकाळी मी बाहेर पडल्यावर माय अन् वयनी, दोघींनीच ते विहिरीपलीकडं नेऊन टाकलं होतं, भिंतीभोवती चार हात जागा लख्ख झाडली होती.
माय शेजारच्या मोतीरामभाऊवर तुटून पडली. त्याचाही मोह त्याच बांधावर. "डोये फुटले का तुहे? घरात लेकरू झोपलं होतं!"
"बाई, मी नाई लावली."
मी फांदी धरून उभा. मग विझलेलं कुंपणच पुन्हा झोडपलं.

१६ मार्च
जेवण जाईना. वयनीनं ताट पुढं सरकवलं. "खा. चुलीजवळची काडीपेटी तुम्हीच नेली, मले मालूम आहे. मायले मी नाई सांगत. तुम्ही सांगा."
सांगितलं. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मले काय सांगतोस? त्याले सांग. काय काय बोलली मी त्याले!"
माय अन् मी, दोघंही गेलो. मोतीरामभाऊ हसला. "मीबी लावतो ना रे दरसाल. फक्त ट्रक पाहाले नाई जात."
मायनं त्याला चहाला बोलावलं. मोठं ओझं उतरलं.

१८ मार्च
मोतीरामभाऊनं अन् मी दोन्ही मोहांखालची राख खराट्यानं झाडली. कंबर मोडली. काडी नाही. मायनं जुनी लुगडी अंथरली, फुलं सरळ त्यावर. पिवळी, स्वच्छ, राखेचा कण नाही. चिमी एक तोंडात घालायला निघाली होती. घर उभं आहे, भिंतीला हात लावून पाह्यलं दोनदा.
दादाला अजून कळवलं नाही. वयनी म्हणते, "पुढच्या महिन्यात येतीन तवा सांगू." मला तेच बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

लिहिता लिहिता थांबलो होतो. कुत्रं भुंकलं म्हणून पाह्यलं, तर दादा! फाट्यावरून चालत आला, पायावर मिरचीच्या रानाची लाल धूळ. कोणीतरी फोन केला असणार. आधी चिमीला घेतलं, तिला उलटीपालटी करून पाह्यलं. आता जळक्या कुंपणाजवळ उभा आहे.
"कोणं लावली?" विचारून राह्यला.
वयनी माझ्याकडं पाहते आहे. उठतो.