आईच्या थडग्यावरचं नाव

अखमीम,
१४ नोव्हेंबर

प्रिय खलफभाऊ,

सलाम. तू आणि वहिनी कुवेतमध्ये सुखरूप असाल. इथे सगळं ठीक आहे. मागावर नवी शाल चढवली आहे, खजूर यंदा गोड निघाला, आणि चुलत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. त्यांनी फोनवर तुझे कान भरलेच असतील. आईच्या कबरीवरच्या दगडाचं विचारलंस, ते मागाहून सांगते.

कबरस्तान हलवायला सुरुवात झाली. खाली फेरोंच्या काळातलं जुनं देऊळ आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊकच होतं. परवा एका राणीचं नाव कोरलेला दगड वर आला. उत्खननाच्या साहेबांनी वाचून दाखवलं, “मेरितामून!” आणि आपले सगळे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे तेच घोकत बसले. चुलते सगळ्यांत पुढे.

मग आपल्या रांगेची पाळी आली. कबर खोदणाऱ्यानं विचारलं, “ही कोणाची?”

चुलते म्हणाले, “खलफच्या आईची.”

तेवढ्यात सुताराच्या घरचे म्हणाले, “अहो, आमचीही खलफचीच आई!”

झालं! कफनात बांधलेली दोन्ही गाठोडी शेजारी शेजारी होती, आणि सुतारांची माणसं आपल्या आईलाच त्यांच्या गाडीत चढवायला लागली. चुलते नुसते “अरे, ती... आमची...” करत राहिले. चारचौघांत घरच्या बाईचं नाव कसं घ्यायचं!

माझं डोकंच फिरलं. बायकांच्या घोळक्यातून पुढे घुसले आणि ओरडले, “नबविया! माझी आई नबविया! कफनाची वीण बघा, माझ्या मागावरची आहे.”

“लाज आहे का काही?” चुलते गरजले.

“राणीचं नाव घेताना कुठे गेली होती लाज?”

आईला मी गाडीत माझ्या मांडीवर घेऊन नव्या कबरस्तानात नेलं.

आता दगड. ‘पहिल्यासारखंच खलफची आई लिहा, घराची अब्रू सांभाळा,’ असा तुझा निरोप पोचला होता. पाथरवटानंही खाली मान घालून विचारलं, “ताई, खरंच नाव कोरू?” म्हटलं, “खोल कोरा.”

मला पश्चात्ताप नाही. वाईट एवढंच वाटतं की ती जिवंत असताना तिला कुणी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

ईदला येशील तेव्हा कबरस्तानाच्या राखणदाराला ‘खलफची आई’ विचारू नकोस, तो तुला सुतारांकडे नेईल. नाव घ्यावं लागेल. मोठ्यानं घे, म्हातारा जरा बहिरा आहे.

तुझी बहीण,
तफीदा, नबवियाची मुलगी