दोन वर्षांचं गाठोडं

प्रिय बन्सी,

डब्याच्या खालच्या कप्प्यात चपातीऐवजी कागद निघाला म्हणून दचकू नको. चपात्या भाजीच्या वर आहेत. भाजी शेपूची आहे, तुला आवडत नाय ती, पण तुझ्या आईच्या हातची आहे, तेव्हा तोंड वाकडं न करता खा. त्यांना आत्याबाई म्हणायची इतकी सवय लागली मला की परवा क्लासमधल्या एका पोरीला पण चुकून तसंच म्हणाले. तू सेकंड शिफ्ट करून येतोस तेव्हा मी झोपलेली, मी क्लासवर शिकवायला निघते तेव्हा तू घोरत. रविवारी भेटतो, तर खोली एकच आणि मधी आत्याबाई गहू निवडत बसलेल्या. मग लिहिण्याशिवाय काय करणार? कागदाच्या मागं माझी कथा आहे, पाच वेळा सुरू करून सोडलेली. ती वाचू नको.

कंपनी पोरांना दोन वर्षं जर्मनीच्या प्लांटला पाठवणार आणि मुलाखत इंग्रजीत घेणार, हे तू सांगितलंस त्या दिवसापासून आपले सगळे रविवार इंग्रजीतच गेले की रे. बाकी सगळं पटापट घेतलंस. गाडी अडली ती पैशाच्या आणि वेळेच्या ‘इज’-‘आर’पाशी. मी सांगत होते, पाचशे रुपये म्हणजे इंग्रजीला एकच रक्कम, म्हणून ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’. दोन वर्षं म्हणजे एकच मुदत, म्हणून ‘टू इयर्स इज अ लाँग टाइम’. नोटा सुट्या पसरून बघितल्या, वर्षं एकामागून एक सरायला लागली, तर मग ‘आर’. गाठोडं बांधलेलं असलं तर इज, सोडलं तर आर. पैशाचं तुला शेवटी पटलं. पगार येतो पण एकदम आणि जातो पण एकदम, म्हणालास. वर्षांवर मात्र भांडायलाच उठलास. दोन वर्षं एक कशी काय? त्यात दोन पोळे, दोन दिवाळ्या, दोन उन्हाळे, आणि उन्हाळ्यात टँकरच्या बादल्या माझी सरू एकटी जिन्यानं वर कशी आणणार, ते कुणाला विचारायचं? मी लई हसले. तर आत्याबाई गव्हातून मान वर न करता म्हणाल्या, "त्या इंग्रजाला म्हणावं, आधी एक बाळंतपण काढ बाबा, मग सांग नऊ महिने एक का नऊ." असलं उदाहरण कुठल्याच पुस्तकात नाय. मला तेव्हा वाटलं, आपण व्याकरणावरच भांडतोय.

मुलाखतीवरून आलास ते मान खाली घालून. डोकंच बंद पडलं, म्हणालास आम्हा दोघींना. मी किती समजावलं तुला, भजी काय तळली, पुढच्या वेळी होईल काय म्हणाले. आणि काल मुबारक पेढे घेऊन आला. मशीनवर तुझ्या शेजारी उभा राहणारा तुझाच मुबारक, त्याची निवड झाली. लाजत लाजत म्हणतो, "भाभी, वो पैसे और टाइमवाला तो बन्सीनंच पढाया मेरेकू, शिफ्टच्या बसमधी. साहबने दोनोंकू साथमें बिठाके पूछा, दो साल घरसे दूर कैसा लगेगा. मैं बोल दिया फटाफट. बन्सी चुप बैठा. उसकू तो सब आता था."

मुद्दाम गप्प बसलास ना? रागवायचं ठरवलं होतं, जमेना. माझ्यासाठी असं कुणी नापास झालं नव्हतं आजवर. पण ऐक. बादली आम्ही दोघी दोन्हीकडून धरून आणतो, तू झोपलेला असतोस म्हणून तुला दिसत नाय. तुझे वडील ट्रकवर महिना महिना नसायचे, तेव्हा मी काय मेले का, असं आत्याबाई म्हणतात. आणि खरं सांगू का, मला पण जरा एकटं राहून बघायचंय. मागच्या पानावरच्या कथेतली ती पोरगी कुठं जाते, ते मला कळेना झालंय. तू घरात असलास की मी तुझ्याच पायांचा आवाज ऐकत बसते. आणि म्हातारपणी "सरूसाठी राहिलो" हे तुझ्या तोंडून, प्रेमानं जरी म्हणालास, तरी मला ऐकायचं नाय.

मुबारकनं तुझ्या साहेबाला खरं काय ते सांगून टाकलंय. साहेब हसले म्हणं, आणि सोमवारी तुला परत बोलावलंय. त्यासाठीच हा कागद. जा, आणि या वेळी बोल. निळा शर्ट इस्त्री करून खिळ्याला लावलाय. गाठोडं मी तुला नीट बांधून देते, तिकडं ते सोडत बसू नको. सोडून एकेक दिवस बघायचं काम माझ्याकडं राहू दे. आणि घरी आल्यावर आत्याबाईंशी भांडू नको. मी बोलले तर ऐकायचा नाय, तू लिही, असं त्याच म्हणाल्या. आत्ता सगळं वाचून दाखवलं त्यांना. शेवटी एवढं घालायला सांगितलंय: शेपू मुद्दाम केलीय, आईशी खोटं बोलल्याबद्दल. सोमवारी नीट बोलून आलास तर वांग्याचं भरीत.

तुझीच, आणि बादलीच्या एका बाजूची,
सरू