तिसरा डाग

प्लेवेन,
४ मार्च १९८६

प्रिय नेवेना,

तुझा गुडघा आणि तुझं मांजर, दोघंही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी ठीक आहे; पण तुझ्या बाबांच्या प्रयोगशाळेवर घोर अन्याय झालाय. साऱ्या देशात घट्ट बसणारं एक झाकण मिळत नाही. मंत्रालयाला अर्ज केला, तर उत्तर आलं की झाकणांचा विचार पंचवार्षिक योजनेत झालेला आहे. शेवटी कामी आली तुझी बरणी. सप्टेंबरात लाल मिरचीची चटणी भरून पाठवली होतीस, तीच. चटणी कधीच संपली, बरणी परत करायची राहिली.

प्रयोगशाळेत बरणी कशाला, म्हणशील. साठाव्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात आमच्या संचालक गेन्चेवसाहेबांना आपल्या क्षयाच्या लशीच्या जिवाणूंचं चित्र लावायचंय. त्या जिवाणूंच्या भिंतीत मेणचट चरबी असते. काचेच्या पट्टीवर तिचा थेंब द्यायचा, पट्टी बरणीतल्या द्रावणात उभी करून झाकण लावायचं. मग चरबीचे प्रकार वेगवेगळे वर चढतात, एकेकाचा एकेक डाग. तुझ्या बाबांनी १९२६ साली पॅरिसहून कोटाच्या आतल्या खिशात, छातीच्या उबेत जी नळी आणली, तिच्या वंशाचे डाग. संगमरवरी पाटीवर तसं कोरूनही झालंय. मुख्य भाषण तुझं. जेवणाला कोकरू आहे, ते नेहमीप्रमाणे कमी पडेल.

तर डाग. त्या साली पॅरिसहून निघालेल्या जिवाणूंचे तीन पडतात. पुढे तिथल्या मूळ वाणानंच एक चरबी बनवायची सोडून दिली. त्यानंतर निघालेल्यांचे दोनच.

आपले दोन पडले.

मी झाकणाला बोल लावला, द्रावण बदललं, नवी पट्टी केली. दोनच. गेन्चेवना दाखवलं तर म्हणाले, "बिसेरा, दगडावर कोरून झालंय. तुझ्या डागांना सांग, जरा समजून घ्या."

मग तू नेहमी सांगतेस तो प्रसंग आठवला. बाबा प्रवासाहून आले, तू मिठी मारायला धावलीस आणि ते म्हणाले, "थांब गं, खिशात कुणीतरी झोपलंय." ही पॅरिसची गोष्ट म्हणून तू सांगणार आहेस. अगं, तेव्हा तू जन्मली तरी होतीस का? आणि ते डॅन्यूबवरून चालत आले, बुटांना बर्फ होता, हेही तूच सांगतेस. नदी गोठली ती युद्धातल्या हिवाळ्यात. प्रयोगशाळेत कोळसा नव्हता. पॅरिसची नळी तेव्हाच थंडीनं गेली असणार, आणि ते कुणालाही न सांगता नदीपलीकडून दुसरी, पॅरिसहून नंतर निघालेल्या वंशाची, घेऊन आले. लस थांबली नाही.

त्याच वसंतात आमचा राद्को जन्मला. घरात आजी खोकत होती. त्याला लस मिळाली.

भाषणात काय बोलायचं ते तू ठरव. पाटीवरचं बोललीस तरी मी टाळ्या वाजवीन आणि पट्टी कपाटात राहील. पण मला विचारशील तर पॅरिसहून आगगाडीत बसून कुणीही येईल.

तुझ्या बरणीत क्लोरोफॉर्म जाऊन आलाय, ती आता खाण्याला चालायची नाही. आणि रिकामी बरणी परत करणं आपल्यात बसत नाही. म्हणून दुसरी पाठवतेय. आलुबुखाराचा मुरांबा आहे, राद्कोच्या झाडाचा. कुणासाठी, ते त्याला सांगितलं. त्यानं बरणी काठोकाठ भरली आणि झाकण स्वतः आवळलं.

तुझी,
राद्कोची बहीण
बिसेरा