तुझ्या आईची भाकर

घोडेगाव,
१८ एप्रिल १९९८

प्रिय शांतवन,
सलाम.

तुझ्या आईनं डिंभ्याहून दोनदा निरोप धाडला होता, "पाळकसाहेब, प्रभुभोजनाची भाकर द्यायला या. लई दिस न्हाईत आता." मी ईस्टरचा उपदेश लिहीत होतो. पाळकाचं पहिलं काम उपदेश, भेटीगाठी मागून, असं मी स्वतःला समजावत आलोय. म्हटलं, रविवारी दुपारच्या एसटीनं जाऊ. ती शनिवारीच गेली.

उपदेश चांगला झाला.

मातीच्या वेळी तू विचारलंस, "आईला प्रभुभोजन मिळालं व्हतं ना?" मी मान डोलावली.

हे पत्र द्यायचं धाडस माझ्यात नाही. उद्या उपासनेत तू गुडघे टेकून हात पुढं करशील, आणि तिला न दिलेली भाकर मी तुझ्या तळहातावर ठेवीन.

तुझा पाळक,
रत्नाकर