गुलाबी मेणबत्ती

बाळा,

आधी तुझी चिमणी लेकच धावत आत शिरली, मागून सूनबाई. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, आम्ही आल्याचं त्यांना कळवायचं नाही. माझी शपथ आहे." आणि तुम्ही वेगळे झाल्यापासून, तिचं नाव काढू नकोस, ही तुझी ताकीद. म्हणजे हे पत्र टाकता येणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्षभराने पोरीला बघितलं रे! कानामागचा तीळ अगदी तुझा.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. दर रविवारी एक पेटवायची म्हणून तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती मांडली होती. मी चष्मा शोधेपर्यंत पोरीने गुलाबीच पेटवली.

"अगं, ती तिसऱ्या रविवारची, आनंदाची! आधी जांभळी. आधी वाट बघायची असते."

"पण आजी, मी तर आजच आले!"

जळू दिली. सूनबाईसुद्धा हसली. मग पोरीने विचारलं, "बाबा इथे येतो का?"

तू आपणहून आलास तर कुणाचीच शपथ मोडत नाही. पण तुला कळणार कसं? गुलाबी मेणबत्ती बोटभर उरलीय, ती जपून ठेवलीय. तिसऱ्या रविवारी परत येतो म्हणाल्यात.

तुझी वाट बघणारी,
आई