सुलाबाईची स्लाइड

सेलू, ३ फेब्रुवारी १९८६
टॉकीजला तीनच्या खेळाला एकसष्ट माणसं. सहाशे खुर्च्यांत एकसष्ट! गावात व्हिडिओ आल्यापासून हेच चाललंय. आज कापडवाल्यानं आपली जाहिरातीची काचेची स्लाइड परत नेली. म्हणाला, "दिनकरराव, रिकाम्या खुर्च्यांला लुगडी विकू का?" दुकानं फिरून स्लाइडी आणणं माझं काम, डोकी मोजून दर ठरवणं मालकांचं. डोकी घटली की दर घटतो — माझं कमिशनही.

६ फेब्रुवारी
नवीन गिऱ्हाईक. भुजंग नावाचा, येलदरी धरणाकडचा. बायको सुलाबाई चार महिने बेपत्ता. तिचा फोटो पडद्यावर दाखवायचाय. खाली मजकूर — 'सुले, घरी ये. कुणी रागावणार नाही.' माणूस आदबीचा, आवाज मऊ. एकच विचारलं, "किती लोक बगतेल?" मी वाढवून सांगितलं.

१० फेब्रुवारी
स्लाइड सुरू झाली. लग्नातला फोटो. पडद्यावर पंधरा फुटांचा चेहरा! बाई समोर बघतच नाही. मान ताठ, पण डोळे बाजूला — शेजारी बसलेल्याकडे. शेजारचा आपण कापून टाकलाय, तरी ती बघतेच आहे. मी बाहेर आलो.

१४ फेब्रुवारी
जनान्याच्या दारावर तिकिटं फाडणारी बायनाबाई आज घाबरलेली. "शेवटच्या रांगेत एक बाई येतीय. रोज. तोंडावर पदर. त्या सुलाबाईची काच झाली की उठती. पिच्चर बगतच न्हाई."
असेल कुणी, म्हटलं.
"कुणी न्हाई, तीच हाय! धरणात बुडून मेलीय म्हणतेत लोक. सोताचं तोंड बगाया यायलीय."

२१ फेब्रुवारी
गाव लोटलंय! दुपारच्या खेळाला चारशे ऐंशी. पाथरी-जिंतूरहून बायका यायल्यात. पिक्चर कोणता, कुणी विचारत नाही. स्लाइड लागली की सगळ्यांच्या माना मागे — शेवटच्या रांगेकडे. अंधारात एवढे चेहरे उलटे फिरलेले बघवत नाही.
स्लाइडी अकराच्या सव्वीस झाल्या. जो तो म्हणतो, माझी सुलाबाईला लागूनच दाखवा. कापडवालाही परत आला. मालक, माणिकराव, खुशीत — "भुताला पगार चालू करा!" मीही हसलो.

२५ फेब्रुवारी
भर दुपारी, सायकल स्टँडच्या मागे. पदर बाजूला करून समोर उभी! मी आधी तिच्या पायांकडे बघितलं. सरळच होते.
"साहेब, मी जित्ती हाय. ती काच उतरवा. कापसाच्या जिनिंगला कामाला जाते तर तिथंबी बाया तोंडाकडं बगायल्यात."
मग रोज का येता, विचारलं.
"उतरवली का, ते बगायला."
नवरा एवढा बोलावतोय तर — असं मी म्हणालो. तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं. "हे केलं त्याच्या आदल्या दिवशीबी असंच म्हणला व्हता. कुणी रागावणार न्हाई म्हणून. लोकांला मी मेलेली वाटते तर वाटू द्या. मेलेल्या बाईला कुणी धुंडत न्हाई."
उद्या उतरवतो म्हणालो. शपथेवर!

२६ फेब्रुवारी
मालकांना सगळं सांगितलं. ती जिवंत आहे, जिनिंगला जाते, हात भाजलाय — सगळं. ते म्हणाले, "एवढा महिना जाऊ द्या. तिच्यामुळं तर माणूस यायलाय."
मी स्लाइड राहू दिली. कमिशन तिप्पट झालंय. इथं तरी खोटं कशाला लिहू?

१ मार्च
भुजंगच्या स्लाइडची मुदत संपली. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. मेलीच असंल." मी सुटलो! तेवढ्यात मालक केबिनमधून ओरडले, "अरे, मेली कुठली? हितंच जिनिंगला जाती. ह्या दिनकररावांनी बगितलीय. ठेव आणखी महिनाभर, फुकट ठेव!"
भुजंग माझ्याकडे वळला. काही रागावला नाही. छान हसला. "कोणत्या जिनिंगला, साहेब?"
माहीत नाही म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.
तो गेल्यावर तिला सावध करायला सायकल काढली. तिन्ही जिनिंगांच्या फाटकावर सुलाबाई म्हणून विचारलं. त्या नावाची कुणी नाही. तिनं नाव बदललं असणार — मला कसं सुचलं नाही!

३ मार्च
पाचशे चाळीस. सगळ्या माना मागे. शेवटच्या रांगेत कुणी नाही.

४ मार्च
भुजंग आला. धुवट कपडे, कपाळाला गंध. तिकिटाच्या खिडकीत वाकून मऊ आवाजात म्हणाला, "काच उतरवा, साहेब. आता गरज न्हाई."