वहिनीची शंका

धारवाड, मंगळवार, ८ ऑगस्ट १९७८

अण्णा जर्मनीत आहे, म्हणून वहिनी हौसेनं माझ्याबरोबर कॉलेजच्या जर्मन वर्गाला येते, असं मला वाटायचं. आज तिनं सरांना विचारलं, "माइन मान म्हणजे माझा माणूस, की माझा नवरा?"

"नवरा," सर म्हणाले.

तिच्या वहीतून फोटो पडला. अण्णाशेजारी एक गोरी बाई. मागं शाईनं तेच दोन शब्द, अक्षर अण्णाचं नव्हे. हा फोटो पाठवला कुणी? त्या बाईनंच?

सुभाष रोडवर वहिनी म्हणाली, "उद्यापासून मी येत नाही. हवं तेवढं कळलं."

घरी अप्पांनी विचारलं, "आज काय शिकवलं?"

"आकडे," वहिनी म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या फोटोचं त्यांना आधीपासून ठाऊक असेल का?